तलावाचं तिकीट

साकोलीजवळून,
ता. 16 नोव्हेंबर

प्रिय बाल्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत होतो. हलका धान कापून पुंजणे लागलेत, जड धान अजून उभा आहे आणि मजुरांचा पत्ता नाही. त्यात तू तलावाचा विषय काढलास, रेंज गेली आणि माझं अर्धं बोलणं तोंडातच राहिलं. म्हणून आज कागद घेऊन बसलो. फोनवर भांडताना तू मधेच बोलतोस, कागदावर ती सोय नाही.

तुझं म्हणणं असं, की सार्वजनिक जागा सगळ्यांची. तलावाच्या बागेत गाववाले आधी आणि बाहेरचे मागून असं सुरू केलं, तर उद्या नागपूरवाले मला फुटाळा तलावावर उभं राहू देणार नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण फुटाळ्यावर मी वर्षातून एकदा भुट्टा खायला येतो, आणि इथे माझी आई पन्नास वर्षं धुणं घेऊन पारीवर, तलावाच्या बांधावर, जात होती. या दोन जाण्यांत काही फरक आहे की नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

तू दोन वर्षांत आला नाहीस, म्हणून आधी नकाशा सांगतो. पारीवर फरशी बसली. मोहाच्या झाडाभोवती सिमेंटचं गोल टेबल आलं (मोहाला ते आवडलेलं नाही, एक फांदी वाळली). घाटाच्या बाजूला झोपाळे, घसरगुंडी, हंसाच्या चार बोटी. पर्यटनाच्या निधीतून झालं सगळं, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी आम्हीही पोरं घेऊन फोटो काढायला गेलो होतो. मग फाटक बसलं. दहा ते सहा, माणशी वीस रुपये, चालवायला ठेकेदार. आता सकाळी दहाला तलाव उघडतो, हे वाक्य तूच एकदा मोठ्यानं वाचून बघ.

खरी गोष्ट काकांच्या दहाव्याची. ज्यांनी आपल्या दोघांच्या कमरेला तुंबे बांधून पाण्यात ढकललं होतं, ते काका. पोळ्यानंतर आठवड्याने गेले, हे तुला कळवलंच होतं. दहावा रविवारी आला. आपल्याकडे दहावा तलावावरच होतो, आजोबांचा तिथेच झाला, तुझ्या वडिलांचाही. आम्ही सगळे घाटाकडे निघालो. चुलतभावाच्या हातात पळसाच्या पानाच्या द्रोणात पिंड, मागे न्हावी, त्याच्या मागे बायका. फाटक लावलेलं. आत आपल्याच गावचा पोरगा, गळ्यात तिकिटाची थैली. मला बघून उभा राहिला. म्हणाला, "का करू जी काका, संध्याकाळी थो ठेकेदार तिकिटाचं पुस्तक मोजून घेते."

त्याच्यावर काय रागवायचं? त्याची आई आमच्याकडे रोवण्याला येते. चुलतभाऊ काही न बोलता खिशात हात घालायला लागला, पण एका हातात पिंड, त्यामुळे पैसे निघेनात. शेवटी मीच दिले. न्हावी धरून चौदा माणसं, दोनशे ऐंशी रुपये. पोरानं मान खाली घालून एकेक तिकीट फाडलं. चौदाही तिकिटांवर हंसाचं चित्र होतं.

पुढचं ऐक. पिंड ठेवलं आणि आम्ही बाजूला उभे राहिलो. कावळे मोहावर होते, पण बोटीवर एका टोळक्यानं स्पीकर लावला होता. पाऊण तास कावळा खाली येईना. काकू हात जोडून म्हणत होती, "काही राहिलं असन तर सांगा, मी पाहीन." शेवटी माझा धाकटा बोटवाल्यांकडे गेला आणि त्यांना सांगितलं. बिचारे ओशाळले, लगेच गाणं बंद केलं, एकानं चपला काढल्या. दोन मिनिटांत कावळा शिवला. म्हणजे बाहेरची माणसं वाईट नव्हती, बाल्या. त्यांना ती जागा कसली आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिकिटावर तसं लिहिलेलंही नसतं.

त्यानंतर मी तहसीलला गेलो. माझा स्वभाव तुला माहीत आहे, डोक्यात घुसलं की घुसलं. आपल्या गावच्या निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या कागदाची, नक्कल मागितली. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला लाल कापडाचा बस्ता सुटला, धूळ उडाली आणि कागद निघाला. त्यात तलावाचा नंबर आहे आणि पुढे लिहिलंय: गुरांना पाणी, धुणे, गावकऱ्यांची वहिवाट.

आपण लहानपणी "निस्तार" हा शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायचो, जळतण आणायला जाताना. तो नुसता बोलीतला शब्द नाही. 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भापुरत्या त्याच्या तरतुदी आहेत. कलम 161 निस्तारपत्रकाचं, कलम 165 वाजिब-उल-अर्जचं, म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदीचं. गावातल्या कुणाच्या ताब्यात नसलेल्या जमिनीचा वापर गावानं कसा करायचा, चराई कुठे, लाकूड कुठलं, हे निस्तारपत्रकात ठरतं. ते जिल्हाधिकारी करतात, पण गावात मसुदा लावून, रहिवाशांची इच्छा विचारून. रहिवाशांची, बरं का. मी नवीन काहीतरी मागतोय म्हणून तू हसलास, आणि इथे ते आपल्या जन्माच्या आधीपासून बस्त्यात बांधून पडलंय.

आणि ते कुठून आलं तेही बघ. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव बांधले. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीनं बांधला, हे आपण चौथीच्या सहलीत ऐकलं होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो. मग सारा वसूल करणारे मालगुजार आले. 1951 साली मालगुजारी गेली, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, आणि तलाव सरकारचे झाले, म्हणून नाव पडलं मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. तीन मालक झाले, पण आजी त्याच दगडावर कपडे आपटत होती. कुठल्याही मालकानं तिला दहा वाजायची वाट बघ म्हटलं नाही. वनहक्काच्या 2006च्या कायद्यातही निस्तार हा शब्द नावानिशी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 साली अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. आपण तर फक्त एक फाटक सकाळी उघडा म्हणतोय.

आता तुझा दुसरा मुद्दा. तो मला लागला, कबूल करतो. तू म्हणालास, "महाडचं चवदार तळंही गावाचंच होतं ना?" त्या रात्री झोप आली नाही. 1923 साली मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले म्हणून. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. तरी 20 मार्च 1927ला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन पाणी प्यायला जावं लागलं, आणि पाणी प्याल्यावर त्या माणसांना मारणारे कोण होते? गाववालेच. आपल्या घाटावरही खालचा दगड आणि वरचा दगड होता. खालच्या दगडावर कोण जायचं हे तुला आणि मला चांगलं माहीत आहे, आणि आपण दोघंही वरच्या दगडाचे. तेव्हा "गाव आधी" म्हणताना माझी जीभ जरा अडखळली, ती तुझ्यामुळे. बरं झालं.

म्हणून ग्रामसभेला द्यायच्या अर्जात मी "गावकरी" शब्द खोडून "गावात राहणारा प्रत्येक जण" लिहिलं. तर लगेच भांडण. एक म्हणतो, विटाभट्टीवर छत्तीसगडचे लोक सहा महिने राहतात, त्यांचं काय? मी म्हटलं, राहतात ना, मग ते आधी. दुसरा म्हणतो, लग्न होऊन गेलेल्या मुली? ढिवर टोळीचे लोक म्हणाले, आमच्या सोसायटीचा मासेमारीचा ठेका आहे, पहाटे जाळं टाकायला फाटकाची किल्ली आम्हाला द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा. मला तेच सगळ्यात शहाणे वाटले.

मागणं काय, ते लिहितो, म्हणजे तू पुन्हा वाढवून सांगणार नाहीस. पहाटे पाच ते नऊ फाटक उघडं, तिकीट नाही. घाटाला वेगळी वाट, ती कधीच बंद नाही. पोळ्याला बैल धुवायला आणि दहाव्याला कुणी पैसे मागायचे नाहीत, तेवढा वेळ बोटी आणि स्पीकर बंद. नऊनंतर ज्याला यायचं त्यानं यावं, नागपूरहून, रायपूरहून, आनंदानं. वीस रुपये द्यावेत, त्यातून पार दुरुस्त व्हावी, गाळ निघावा. पंचायतीनं मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून निस्तारपत्रकात बदलही करू शकतात, तेव्हा पहाटेचं फिरणंसुद्धा त्यात लिहून घ्यावं असं माझं म्हणणं आहे. जुन्या कागदात फिरण्याचा उल्लेख नाही. त्या काळी नुसतं फिरायला कोण जात होतं?

सरपंचबाई आमच्या बाजूनं आहेत. ठेकेदार म्हणतो, पहाटे झोपाळे मोडतील. त्याला सांगितलं, पहाटे पाचला झोपाळ्यावर बसायला आमच्यातल्या कुणाला वेळ आहे? त्यावर तोही हसला, पण अजून काही सही झालेली नाही.

तुझ्याबद्दलही विषय निघाला. "बाल्या आला तर तो गावचा की बाहेरचा?" म्हणून. मतदार यादीत तुझं नाव नाही, घर पडलंय, पण आंब्याच्या झाडाचे आंबे अजून तुझ्या नावानं उतरतात. निकाल लागला नाही.

मंडईच्या जत्रेला ये. यंदा दंडारीच्या खेळाला चांगला संच येतोय, रात्रभर बसू. वहिनींना आणि पोरांना आण. आई रोज विचारते. दुसऱ्या दिवशी सकाळी पारीवर जाऊ, काकांचा तो दगड दाखवतो, त्याच्यावर हंसाच्या बोटींची वेळ रंगवली आहे.

येताना सुटे पैसे आण. त्या पोराकडे कधीच नसतात.

तुझा,
नाना