ड्रीमकॅचर शिकवताना ओजिब्वेंचे नाव घ्यावे

मा. संपादक,
स. न.

महाद्वार रोडवरच्या दुकानांत आणि मोटारींच्या आरशांवर सर्रास दिसणारे ड्रीमकॅचर, म्हणजे आत दोऱ्याचे जाळे विणलेले आणि खाली पिसे लोंबणारे कडे, ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरात राहणाऱ्या ओजिब्वे समाजाची ती परंपरा असून, लेकरांना जपणाऱ्या असिबिकाशी या कोळीमातेच्या जाळ्याशी तिचे नाते सांगितले जाते. फ्रान्सेस डेन्समोर या संशोधिकेने १९२९ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा ती तान्ह्या बाळाजवळ टांगायची, जेमतेम साडेतीन इंचांची लाकडी कडी होती.

नातीसाठी मी नुकतेच एक घरी केले. निर्गुडीची ओली काठी वाकवून कडे बांधले आणि सुती दोरा प्रत्येक वेळी मागच्या फासातून ओढत मध्यापर्यंत विणला. एक फास सैल पडला तरी सारे जाळे लोंबते. खाली पिसाऐवजी कोल्हापुरी चपलेची वादी आणि तिच्या पणजीच्या पोतीतला एक मणी बांधला. अशा आपल्या आठवणी त्यात गुंफणे मला गैर वाटत नाही. मात्र ते ओजिब्वेंचे म्हणून विकणे गैरच, आणि अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या आपल्या चपलेसारखी चप्पल २०२५ मध्ये इटलीतील एका फॅशन कंपनीने कोल्हापूरचे नाव न घेता सादर केली, तेव्हा आपण सारे संतापलो होतो. उन्हाळी शिबिरांतून ड्रीमकॅचर शिकवणाऱ्यांनी मुलांच्या हाती दोरा देण्याआधी ओजिब्वेंचे नाव आणि असिबिकाशीची गोष्ट आवर्जून सांगावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर