छोटा हत्तीवाल्या मामांना, लातूरहून

मामा, रामराम.

काल रात्री पुण्याहून फोन आला. कपाट घरात लागलं, फळ्या बसल्या, दारं नीट मिटतात, कुठं ओरखडा नाही. सांगता सांगता ती बाई मधेच थांबली आणि म्हणाली, "घेऊन आलेले गृहस्थ चहासुद्धा न घेता निघाले हो." मी लगेच तुम्हाला फोन लावला. तुम्ही टेंभुर्णीच्या आसपास होतात. "गाडी चालवायलो ताई, उद्या बोलू," म्हणालात आणि ठेवून दिलात. आज विचारलं तर तुम्ही काय बोलणार ते मला पाठ आहे. "पोचलं ना? झालं मग." म्हणून लिहूनच काढते. तुमची लेक वाचून दाखवील.

नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, माझं नाव कुठं टाकू नका म्हणून. नाही टाकत. पण बाकी सगळं लिहिणार आहे, त्याला तुम्ही नाही म्हणाला नव्हतात.

जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी लातुरात जुनं लाकडी सामान घेते, दुरुस्त करते, रंगवते आणि विकते. कधी लोक आपल्याच घरातलं आणून देतात, आजीचं आहे, टाकवत नाही, काहीतरी करा म्हणतात. आपल्या भागात अशा वस्तूंना तोटा नाही. 1993 च्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची आणि डोक्यावरच्या माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, जी भीती बसली, ती किल्लारी-सास्तूरपुरती नव्हती. ज्यांचे वाडे उभे राहिले होते त्यांनीही हळूहळू माळवदं उतरवली, पत्रे टाकले, पुढं स्लॅब आला. तुळया आणि खांब विकले गेले. मागं राहिली फडताळं, पलंग, आडतीच्या दुकानातली उतरत्या फळीची डेस्कं. नव्या घरात ती मावत नाहीत आणि चुलीत घालायला जीव होत नाही. अशा मधल्या अवस्थेत ती माझ्याकडं येतात.

हे काम सुरू केलं तेव्हा लोकांनी काय काय ऐकवलं ते मी विसरलेली नाही. आपलं गाव शिकवण्यांचं. अख्ख्या महाराष्ट्राला लातूर पॅटर्न ठाऊक, आणि त्या गावातली शिकलेली बाई घराच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकून पॉलिश पेपर घासत बसते म्हटल्यावर नातेवाइकांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. कर्जासाठी एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी फोटो बघितले, हसले आणि म्हणाले, "ताई, पापडाची मशीन घ्या, त्याला स्कीम आहे." मी पापड करत नाही हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांच्या टेबलावर काच होती, काचेखाली कॅलेंडर होतं, त्यांची नजर कॅलेंडरावर होती. असो. तो राग आता जुना झाला.

रंगाचं काम शिकता येतं. जुन्या सागवानावर थेट पांढरा रंग मारला की जुन्या पॉलिशचा पिवळा-तांबडा डाग वर फुटतो, आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात द्यावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी ब्रश ओढायला लागतो, म्हणून पहाटे रंगवायचं. पावसाळ्यात स्पिरीटचं पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून उघडीप बघायची. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात सामान धुवायचं नसतं, ओल्या फडक्यानं पुसायचं असतं. हे सगळं हाताला येतं. पण माझ्या शेडापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा रस्ता माझ्या हातात नाही, आणि या धंद्याचा जीव बऱ्याचदा तिथंच जातो.

रंग वरून सुकलेला लागतो, पण आतून घट्ट व्हायला कितीतरी दिवस जातात. तेवढं थांबायला गिऱ्हाईक तयार नसतं, त्याची वास्तुशांत ठरलेली असते. मग दोर काचतो. प्लास्टिक गुंडाळलं तर उन्हात घाम धरून चिकटतं. त्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे गोल गोल ठसे तर रंगावर असे उमटतात की पुन्हा सगळं घासून काढण्याखेरीज इलाज नाही.

तुमच्या आधीचे लोक तुम्हाला माहीत आहेत, थोडं थोडं सांगितलं होतं. आज सगळं सांगते. एकानं माझ्या फडताळावर सिमेंटच्या गोण्या ठेवल्या. वरून म्हणाला, सागवान आहे ना, मग काय होतंय. एक जण गाडी येते येते म्हणत दिवस घालवत राहिला आणि संध्याकाळी फोन बंद करून बसला. आणि ती मोठी कंपनी, जिचं नाव इथं घेणार नाही. गणवेशातली पोरं आली, पॅकिंगचे वेगळे पैसे घेतले, पावतीवर सही घेतली. कपाटाच्या माथ्यावरची कोरीव पट्टी मी आणि सुतारकाकांनी किती जपून जुळवली होती. ती मधोमध तुटून पोचली. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पण ते जुनंच होतं ना?"

मामा, या चार शब्दांनी मला जेवढं रडवलं तेवढं कुणी रडवलं नाही. जुनंच होतं ना. म्हणजे तुटलं तरी चालतं. म्हणजे त्यावर मी जे काही केलं ते धरायचंच नाही. भरपाईचा अर्ज भरला, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येणारही नाही.

त्यानंतर तुमचा नंबर मिळाला. गंजगोलाईत एका दुकानदारानं दिला होता. तो म्हणाला, माणूस कमी बोलतो, पण गाडी हळू नेतो. मला तेवढं पुरे होतं. पहिल्यांदा तुम्ही नांदेडला वजिराबादेत ते मुनीमजीचं डेस्क पोचवलंत. मी गाडीत पुढं बसले होते. उतरवताना एका कोपऱ्यावर दोराचा बारीकसा काच दिसला, नखाएवढा. गिऱ्हाइकाच्या तो ध्यानातही आला नाही, मी डबीतला उरलेला रंग लावून तिथंच मिटवून टाकला. तुम्ही मात्र त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवलात, पुन्हा एकदा फिरवलात आणि गाडीकडं निघून गेलात. परत येताना रस्ताभर गप्प होतात. मला वाटलं, भाडं कमी पडलं म्हणून रुसलात.

पुढच्या खेपेला आलात तेव्हा केबिनमधून एक बोचकं काढलंत. आत सायकलच्या जुन्या ट्यूबचे वीतभर तुकडे होते, मधून उभे चिरलेले. प्रत्येकाला एका अंगानं धोतराचं पांढरं मऊ कापड शिवलेलं. मी बघतच राहिले.

"काय बघूलालाव ताई? कोपऱ्याला लावायचं हाय. दोर काचत नाही."

"आणि हे कापड?"

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी रंगाचं काम करते यावरच तुमचा विश्वास नसावा. "नुसतं रबर ठिवलं तर पांढऱ्या रंगाला काळं लागंल की!"

मामा, आज जे लिहायला बसले ते एवढ्यासाठीच. तुम्ही वेळेवर येता, जास्त पैसे मागत नाही, येडशीच्या पुढचा तो खराब रस्ता पोटुशी लेक माहेरी आणावी तसा सावकाश काढता, हे सगळं आहेच, त्याबद्दल वेगळे आभार. पण ते बोचकं माझ्या डोक्यातून जात नाही. ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तक्रार केली नव्हती, गिऱ्हाइकानं केली नव्हती. तुम्ही स्वतः पंक्चरवाल्याकडं जाऊन ट्यूबा मागितल्यात. त्या कापल्यात. मग घरी बसून विचार केलात की रबराचा डाग पडतो. मशीनची सुई रबरात अडकते म्हणून मामींनी दाभणानं हातानं टाके घातले. मी एक तुकडा उलटून पाहिला होता, तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा. टाक्यांच्या सगळ्या गाठी बाहेरच्या अंगाला होत्या, दोराच्या बाजूला. रंगाला लागतो त्या बाजूला एक गाठ नाही. मामींनी माझं शेड पाहिलेलं नाही, माझं एकही कपाट पाहिलेलं नाही. त्यांना कुणी सांगितलं की ओल्या रंगावर गाठीचा ठसा उमटतो? तुम्हीच सांगितलं असणार. म्हणजे तुम्ही घरी जाऊन माझ्या रंगाबद्दल बोललात. माझ्या घरातसुद्धा माझ्या रंगाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी त्या दिवशी नीट धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. घसा भरून आला होता आणि तुम्ही दोर आवळायला लागला होतात.

आता कालचं कपाट. औशाकडच्या एका गावातलं, वाडा उतरवताना निघालेलं. पुण्याच्या बाईंना ते बाहेरून मोरपंखी हवं होतं. आतून मी कधीच रंगवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आतल्या दारावर पेन्सिलीनं दुधाचा हिशोब लिहिलेला असतो, कुणाच्या बारशाची तारीख असते, एखाद्या दिवाळीला किती साखर आणली ते असतं. लाकूड घासून पुन्हा करता येतं, ते अक्षर पुन्हा येत नाही. हे कपाट चढवताना तुम्ही आत डोकावून हिशोब वाचलात आणि म्हणालात, "ह्या गवळ्यानं लई पाणी घातलंय, बगा, हप्त्याला भाव बदलतोय." मी किती दिवसांनी मोकळी हसले. ते कपाट कसं बांधलं, काचेची दारं कशी धरली, ऊन लागू नये म्हणून कुठून कधी निघालात, ते लिहीत बसत नाही. ते तुमचं कसब, तुमच्यापाशी राहू दे.

मी कपाटाचा फोटो मोबाइलवर टाकला तेव्हा लोकांनी भरभरून कौतुक केलं. किती सुंदर रंग, कुठून सुचलं, हात किती गोड. छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ते लातुरातून पुण्यात गेलं कसं, हे एकानंही विचारलं नाही. लोकांना वाटतं वस्तू आपोआप पोचतात. मला आता कुठल्याही चांगल्या वस्तूकडं बघताना तिला आणणारा माणूस आठवतो. नाहीतर त्या पंक्चरवाल्याचं घ्या. तुम्ही म्हणालात, त्यानं ट्यूबांचे पैसे घेतले नाहीत, कशाला पाहिजेत विचारलं आणि स्वतःच मापानं कापून दिल्या. मी त्या माणसाला ओळखत नाही, त्याचं दुकान कुठं आहे तेही तुम्ही सांगितलं नाहीत. आपल्याकडं अशी माणसं आहेत. पाटीवर त्यांचं नाव नसतं, त्यांच्याकडं गणवेश नसतो, ती तुम्हाला पावतीवर सही करायला लावत नाहीत. चार लोकांकडून ठेचकाळून आलं की मगच ती भेटतात, याचं मला वाईट वाटतं. आधी भेटली असती तर त्या कोरीव पट्टीचा जीव वाचला असता.

सुतारकाकांना परवा मी तुमची बोचक्याची गोष्ट सांगितली. त्यांना पटकन कौतुक करायची सवय नाही. हातातली पटाशी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्याला सांग, ट्यूब वर्षानं कडक होते, बदलावी लागते." हे त्यांच्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्र समजा. माझं कुसू, म्हणजे जोडाचं लाकडी टोक, खोबणीत पहिल्याच दणक्याला बसलं होतं तेव्हा ते एवढंही बोलले नव्हते.

आता पैशाचं. तुम्ही पुण्यात चौथ्या मजल्यापर्यंत कपाट चढवायला हात दिलात, लिफ्टमध्ये ते मावत नव्हतं, हे मला त्या बाईंनी सांगितलं, तुम्ही नाही. त्याचे पैसे वेगळे. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं ताटकळत ठेवलं, त्याचेही वेगळे. हिशोबाच्या वहीत लिहून ठेवलंय, तुमच्या लेकीच्या मोबाइलवर पाठवते. तुम्ही "राहू द्या ताई" म्हणणार. नाही राहू देणार. माझ्या कामाला कुणी फुकट म्हटलं की मला राग येतो, मग तुमचं काम फुकट कसं घेऊ?

आणि शुक्रवारी उदगीरचा पलंग निघतोय, सोलापूरला जायचाय. पाय कातीव आहेत, वर बारीक आणि खाली गोळे. तुमचे तुकडे तिथं बसतील असं मला वाटत नाही, लांब पट्ट्या लागतील. बुधवारी वाट वाकडी करून शेडात येऊन माप घेऊन जा. मामींना सांगा, मऊ धुतलेलं कापड मी काढून ठेवलंय, दाभण आणि दोराही आहे. पण शिलाई किती घेणार ते आधी त्यांनीच सांगायचं. तुमच्या तोंडून ऐकलेला आकडा मी धरणार नाही.

तुमची रंगवाली ताई,
लातूर