देहदानाचा अर्ज भरला, पण देह पोहोचतो का?

संपादक महोदय,

राज्यात २०२४-२५ मध्ये गडचिरोली, वाशिम, बुलढाणा, जालना, हिंगोली, भंडारा अशा अनेक ठिकाणी नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. बातम्या झाल्या त्या इमारती, जागा आणि प्राध्यापकांच्या. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ज्याच्यावाचून चालत नाही तो मृतदेह कोठून येणार, यावर फारसे कोणी बोलले नाही. विच्छेदनाच्या एका टेबलाभोवती दहा विद्यार्थी हे प्रमाण धरले तर शंभर जागांच्या महाविद्यालयाला दरवर्षी दहा देह लागतात. त्याहून कमी असले की पुढच्या रांगेतले चौघे हात चालवतात आणि बाकीचे खांद्यावरून डोकावतात. काही ठिकाणी आता डिजिटल टेबलावर वेळ निभावली जाते. उजळणीसाठी ते यंत्र चांगलेच आहे. पण पडद्यावर पित्ताशयाची धमनी नेहमी पुस्तकातल्या जागीच सापडते. खऱ्या देहात ती कधी वेगळ्या वाटेने येते, कधी एकाऐवजी दोन असतात, आणि पुढे शस्त्रक्रियेत चुकीची नळी किंवा रक्तवाहिनी कापली जाते ती अशाच फरकांमुळे.

देहदानाचे अर्ज भरून घेणारी शिबिरे भरपूर होतात आणि अर्जही भरपूर येतात. गळती होते ती मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत. अर्ज हा केवळ इच्छेचा कागद आहे. मृत्यूनंतर देह द्यायचा की नाही हे प्रत्यक्षात जवळचे नातेवाईक ठरवतात. मुलगा नको म्हणाला किंवा परगावची बहीण अडून बसली, तर कोणतेही महाविद्यालय वाद घालून देह घेत नाही. उलट, आधी अर्ज भरलेला नसला तरी नातेवाइकांची लेखी संमती असल्यास बहुतेक महाविद्यालये देह स्वीकारतात. त्यामुळे अर्जावर साक्षीदार म्हणून शेजाऱ्याची सही घेण्यापेक्षा मुलाची किंवा मुलीची घ्यावी. मुंबईत अर्ज भरला आणि मृत्यू नाशिकला आला तर देह मुंबईला नेण्याचा हट्ट नको. जवळच्या महाविद्यालयाला फोन करावा.

अनेक देह हातचे जातात ते पोस्टमॉर्टेममुळे. पोस्टमॉर्टेममध्ये छाती, पोट आणि कवटी उघडली जाते, रक्तवाहिन्या तुटतात, आणि मग देह टिकवणारे रसायन शरीरभर पोहोचवायला वाटच उरत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देहदानाचा संकल्प केला होता. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली, पोस्टमॉर्टेम अटळ होते आणि देहदान होऊ शकले नाही. खून, अपघात, आत्महत्या, भाजणे यांत इलाज नसतो. मात्र घरी शांतपणे गेलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या बाबतीतही हेच होते तेव्हा हळहळ वाटते. गोंधळलेले नातेवाईक त्यांना रुग्णालयाच्या अपघात विभागात नेतात. तिथल्या डॉक्टरांनी रुग्ण पूर्वी पाहिलेला नसतो, मृत्यूचे कारण लिहिता येत नाही, पोलिसांना कळवले जाते आणि पोस्टमॉर्टेम होते. हे टाळायचे तर वयस्कर संकल्पकर्त्याच्या नियमित डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी, औषधांची आणि तपासण्यांची फाइल एका जागी ठेवावी, आणि मृत्यू घरी झाल्यास त्याच डॉक्टरांना घरी बोलावून कारणासह दाखला घ्यावा. जीव आहे की नाही अशी शंका असेल तर अर्थातच रुग्णालयच गाठायचे. पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाचा महिनाभराने मृत्यू झाला तरी इजा हे मूळ कारण धरून प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकते, याची तयारी ठेवावी.

वेळेचे गणित साधे आहे. शरीर कुजायला आतड्यांपासून सुरुवात होते, म्हणून हिरवट डाग पहिल्यांदा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दिसतो. विदर्भातल्या मे महिन्यात त्याला फार वेळ लागत नाही. सहा तासांच्या आत देह पोहोचला तर उत्तम. परदेशातल्या मुलाची वाट पाहायची असेल तर शीतपेटी आणावी, नुसत्या बर्फाच्या लाद्यांवर विसंबू नये. महाविद्यालयात मांडीतील किंवा मानेतील धमनीत नळी घालून फॉर्मलिन, ग्लिसरीन, स्पिरिट आणि पाणी यांचे मिश्रण सोडतात. प्रौढ देहाला साधारण आठ ते दहा लिटर लागते. उशीर झाला की रक्ताच्या गुठळ्या वाट अडवतात, एखादा हात किंवा पाय कोरडाच राहतो, मग तिथे सुईने वेगळे टोचावे लागते. मेंदू फार लवकर मऊ पडतो, आणि एकदा तो गेला की मेंदूचे विच्छेदन त्या टेबलावर होतच नाही.

एचआयव्ही, कावीळ ब आणि क, क्षयरोग, रक्तातील जंतुसंसर्ग, गँगरीन, मोठे शय्याव्रण, अतिस्थूलता या कारणांनी देह नाकारला जाऊ शकतो. हे फोनवरच सांगितले तर शववाहिकेचा फेरा वाचतो. नेत्रदान केले म्हणून देहदानाला अडचण येत नाही. पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. नेत्रपेढीचे काम थोड्या वेळात आटोपते आणि मग देह पुढे जातो. मेंदूमृत रुग्णाचे अवयवदान झाल्यावर मात्र बहुतेक महाविद्यालये देह घेत नाहीत. तेव्हा अवयवदानालाच प्राधान्य द्यावे, त्याने लगेच जीव वाचतात.

सोबत मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला, मृताचे आणि देह देणाऱ्या नातेवाइकाचे आधार कार्ड, संमतिपत्र आणि असल्यास मूळ अर्ज न्यावा. देह मिळाल्याची पावती मागून घ्यावी. स्मशानभूमीच्या पावतीऐवजी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत तीच दाखवायची असते, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. घरचे धार्मिक विधी देह नेण्याआधी उरकून घ्यावेत. नंतर अस्थी मिळतील असे गृहीत धरू नये.

हे सगळे नीट पाळलेल्या कुटुंबालाही रात्री दहा वाजता किंवा दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालयाच्या दारात ‘विभाग बंद आहे, सकाळी या’ असे ऐकावे लागते, आणि ते थेट स्मशानाकडे वळतात. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना मिळण्याची सोय केली, पण त्यावर विसंबून आजच्या जागा भागणार नाहीत. म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाने निदान नव्या महाविद्यालयांत तरी तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: अपघात विभागाच्या फलकावर देहदानाचा चोवीस तास उचलला जाणारा एक क्रमांक, रात्रपाळीच्या अधिकाऱ्याला देह स्वीकारून पावती देण्याचा लेखी अधिकार, आणि ४ अंश तापमानाच्या किमान दोन शीतकपाटांची राखीव जागा. रसायन भरायला तंत्रज्ञ सकाळी आला तरी चालतो.

– शरीररचनाशास्त्राचे काही अध्यापक