दिल्लीचा उतार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या तळघरातल्या अभ्यासिकेचा विषय काढला, तर "आई, अगं सगळेच तिथे बसतात" म्हणालीस आणि विषय मिटवलास. माझ्याकडून तो मिटला नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मी दोन वाक्यं बोलते आणि तिसऱ्याला तुझा क्लास सुरू होतो.

जूनमध्ये तुझ्याकडे आले तेव्हा तू मोठ्या उत्साहाने अभ्यासिका दाखवायला नेलंस. रस्त्यावरून नऊ पायऱ्या खाली. छताला टेकलेली एक अरुंद खिडकी, तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला दिसत होत्या. तुझ्या टेबलामागच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे आले होते. बोट लावलं तर खपलीच हातात आली. "जुनी बिल्डिंग आहे," तू म्हणालीस. जुनी असेलच. पण ती आडवी रेघ जिथे थांबली होती तिथवर पाणी चढलं होतं, मनू. इतकी वर्षं भूगोल शिकवल्यावर एवढं तर मला भिंतीकडे बघून कळतं.

27 जुलै 2024 ला तुझ्याच ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि तीन मुलं गेली. तुझ्याच परीक्षेची, यूपीएससीची, तयारी करणारी. त्या रात्रीपासून मला दिल्लीचा नकाशा वेगळाच दिसायला लागला आहे.

तुमच्या अभ्यासक्रमात दिल्ली घराण्यांच्या यादीने येते: तोमर, खिलजी, तुघलक, लोदी, मुघल. तू तिच्याकडे एकदा उताराच्या अंगाने बघ. पश्चिमेला रिज, म्हणजे अरवलीचं शेपूट. वजिराबादजवळ यमुनेच्या काठाशी ते संपतं. तो खडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, त्याच्यापुढे अगदी लेकरू. पूर्वेला यमुना. पाठीशी डोंगर आणि पुढ्यात नदी, अशा त्या तिकोनी पट्ट्यात बहुतेक सगळ्या जुन्या दिल्ल्या वसल्या. डोंगराने दगड दिला, आडोसा दिला. पाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येकाला नव्याने सोडवावा लागला.

मेहरौली नदीपासून लांब, म्हणून इल्तुतमिशाने हौज-ए-शम्सी खोदला. अल्लाउद्दीनाने 1303 च्या सुमाराला सिरी वसवली आणि तिच्यासाठी मोठा हौज बांधला. तुम्ही मुलं आता चहा-कॉफीला जाता ते हौजखास तेच. फिरोजशाहाने तर 1354 मध्ये राजधानीच नदीकाठी नेली. आणि आपल्या दौलताबादला 1327 मध्ये राजधानी आणणारा महंमद तुघलक! त्याला लोक वेडा म्हणून मोकळे होतात. मला तसं कधीच वाटलं नाही. एवढ्या लांबवर पसरलेलं राज्य दिल्लीच्या कोपऱ्यातून कसं सांभाळायचं, हा त्याचा प्रश्न खरा होता. माणसांना उठवून चालवत नेण्याची त्याची रीत मात्र क्रूर होती.

तुला सोडायला आलो होतो तेव्हा लाल किल्ल्यात रंगमहाल पाहिला, आठवतं? संगमरवरी कमळाच्या कुंडाशी तू उकिडवी बसलीस आणि पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलंस. बोटाला नुसती धूळ लागली. तिथून नहर-ए-बहिश्त वाहायची. यमुनेतून कालव्याने आणलेलं पाणी महालामहालांतून खेळवलेलं, आणि तेच पाणी चांदणी चौकाच्या मधोमध. आपल्या पाणचक्कीपाशी तू लहानपणी "डोंगरातलं पाणी इथवर कसं येतं?" विचारून माझा जीव खायचीस. तेच कसब, फक्त बादशाही थाटाचं. शहाजहानच्या वेळी नदी किल्ल्याच्या तटाला लागून वाहत होती. पुढे ती पूर्वेला सरकली आणि तिच्या जागेवर रिंग रोड झाला. पण नदी आपली जागा विसरत नाही. जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी 208.66 मीटरवर गेली, आजवरची सर्वांत जास्त, आणि पाणी पुन्हा लाल किल्ल्याच्या भिंतीशी येऊन उभं राहिलं. टीव्हीवर ते दृश्य बघून वर्गात मी त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला होता.

आपल्या माणसांनाही या नदीने सोडलं नाही. 1760 च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत आणि अब्दाली पलीकडच्या काठावर, मध्ये दुथडी भरलेली यमुना. पैशाची तंगी एवढी की भाऊंनी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं. मग फौज उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गेली, आणि पाणी पुरतं ओसरायच्या आत अब्दाली बागपतपाशी नदी उतरला. दिल्लीकडची वाट त्याच्या हातात गेली. पानिपत 14 जानेवारी 1761 ला झालं खरं, पण माझ्या मते आपला घात त्या उतारावर झाला. पुढे महादजींनी दिल्लीत पुन्हा जम बसवला, तोही 1803 च्या सप्टेंबरात इंग्रजांशी झालेल्या पटपडगंजच्या लढाईने गेला. तुझ्या खोलीपासून शंकर रोडने रिजचं जंगल ओलांडलं की तालकटोरा लागतो. 1737 मध्ये बाजीराव तिथवर धडकले होते. 2025 चं साहित्य संमेलन तिथल्याच स्टेडियममध्ये झालं. ताल म्हणजे तलाव, कटोरा म्हणजे वाटी. बागेच्या नावातच पाणी आहे.

इंग्रजांनी डिसेंबर 1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याचं जाहीर केलं आणि दरबाराच्या मैदानाजवळ, उत्तरेकडे, पायाचे दगडसुद्धा बसवले. पुढे पाहणी झाली. ती जमीन सखल, पुराची, हिवतापाची निघाली. मग राजाने बसवलेले दगड उचलून रायसीनाच्या टेकडीवर नेले. राष्ट्रपती भवन आज उंचावर दिसतं, त्यात दिमाख आहेच, पण पाण्याची धास्तीही आहे. राजाचा मान बाजूला ठेवून त्यांनी उतार बघितला, आणि तू मला सांगतेस सगळेच तिथे बसतात!

तुझं राजिंदर नगर फाळणीनंतरचं. 1941 ते 1951 या दहा वर्षांत दिल्लीची वस्ती सव्वानऊ लाखांवरून साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. पंजाबातून, सिंधमधून सगळं मागे टाकून आलेल्यांना तिथे घरं मिळाली. छोटी, बसकी घरं. नंतर त्यांच्यावर मजले चढले, खाली तळघरं खणली गेली, मुलं आली. गटारं मात्र तेवढ्यांसाठी कुणी आखली नव्हती. दिल्लीत वर्षाला साधारण 775 मिलिमीटर पाऊस पडतो. 28 जून 2024 ला त्यातला 228 एका दिवसात पडला. रिजवरून उतरणारं ते पाणी कुठे जाईल? जिथे खोलगट जागा मिळेल तिथे.

तू घाबरावंस म्हणून हे लिहीत नाही. तू अधिकारी व्हावीस ही माझी फार इच्छा आहे, आणि तेव्हा अशी तळघरं बंद करायचा कागद तुझ्या टेबलावर येईल. पण आधी तुझं तिथून निघणं. सोमवारी वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन अभ्यासिका बघ. जिना किती रुंद आहे, दार बाहेर उघडतं का, वीज गेली तर ते उघडतं का, एवढं नीट विचार. फी जास्त असेल, असू दे. या महिन्यापासून मी दीड हजार जास्त पाठवते आहे. डिपॉझिट परत देत नाहीत म्हणाले तर भांडत बसू नकोस, सोडून दे. जागा ठरली की पायऱ्यांचा फोटो पाठव, वर जाणाऱ्या.

बाबांनी मेतकूट आणि कुळथाचं पीठ पार्सल केलंय. पुस्तकं उचलायला जाशील तेव्हा खालच्या कप्प्यातल्या नोट्स विसरू नकोस.

तुझी,
आई