माळीकाका, सिकेटर माझ्या हातात दिलात म्हणून

आदरणीय माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. आज सकाळी माझ्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबावर पाचवी कळी दिसली आणि तुम्हांला लिहिल्याशिवाय राहवेना. छाटणीला आज ३५ दिवस झाले.

गेल्या वर्षी आषाढात, झाडं फार उंच झाली म्हणून, मी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं सगळ्या फांद्या कापल्या होत्या. वरून पाऊस लागला. कापलेली टोकं काळी पडली आणि तो काळेपणा हळूहळू खाली उतरत गेला. सहापैकी दोन झाडं गेली. यंदा तुम्ही कुंपणाशी थांबलात, उरलेली चार पाहिलीत आणि एवढंच म्हणालात, "ताई, पावसात जखम वाळत नाही. बुरशी तिथूनच शिरते. पाऊस उघडू द्या, मग बघू."

कोजागरीच्या आठ दिवस आधी आठवणीनं येऊन झाडांचं पाणी बंद करायला सांगितलंत. आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धार लावलेला सिकेटर, ती छाटणीची कात्री, घेऊन हजर झालात.

एक फांदी तुम्ही कापून दाखवलीत. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते ती जागा, शोधायचा, त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या मागे पाणी ओघळेल असा तिरका काप. मग सिकेटर माझ्या हातात दिलात. स्वतः केलं असतंत तर अर्ध्या तासात चारही झाडं झाली असती. मला दोन तास लागले आणि तेवढा वेळ तुम्ही उन्हात उभे राहिलात.

आधी वाळलेल्या फांद्या, मग पेन्सिलीहून बारीक काड्या, मग आत वळून एकमेकींना घासणाऱ्या. काप घेतला की गाभा पाहायचा. तपकिरी दिसला तर अजून खाली, पांढरा लागेपर्यंत. एका पाच फुटी फांदीच्या टोकाला कळी होती. माझा हात थांबला. तुम्ही घाई केली नाहीत. मी कापली तेव्हा फक्त मान हलवलीत. शेवटी प्रत्येक झाडाला चार-पाच जाड फांद्या राहिल्या, दीड फुटाच्या. ती उघडी झाडं पाहून रात्री मला झोप लागली नव्हती, हेही आज सांगते.

कोपऱ्यातल्या झाडाच्या बुडातून निघालेल्या जोमदार फांदीचं मला दोन वर्षं कौतुक होतं. तुम्ही माती बाजूला करून दाखवलंत, की ती डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून, रानटी खुंटातून आलीय आणि वरच्या गुलाबाचं अन्न तीच खातेय. ती मुळाशी धरून काढलीत. त्याच झाडावर आता सर्वांत जास्त फूट आहे. भिंतीवरच्या वेलगुलाबाला मात्र हात लावू दिला नाहीत. तो जुन्या फांद्यांवर फुलतो, म्हणालात.

आणि कापांवर बुरशी धरू नये म्हणून लावलेली ती बोर्डो पेस्ट! १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. लोखंडी डबा चालत नाही म्हणून घरून मडकं आणलंत. प्रत्येक कापावर ब्रशनं निळा ठिपका. यंदा एकही टोक काळं पडलेलं नाही, काका. रोज बघते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा तेवढा घेतलात. शेजारच्या बाई परवा विचारत होत्या, छाटणी कुणाकडून करून घेतली. "मी केली, काकांनी शिकवली," असं सांगितलं. त्यांच्या तीन झाडांना पुढच्या ऑक्टोबरात मी मदत करणार आहे. सिकेटर घेतलाय, तुमच्यासारखाच.

पहिली कळी आठ-दहा दिवसांत उमलेल. फुलाखाली पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं जे पहिलं पान असतं, त्याच्या वर तिरका काप घेऊन ते फूल तुमच्याकडे घेऊन येते. त्या दिवशी सकाळी घरी असा.

आपली,
कुंपणाजवळच्या चार गुलाबांची ताई