काकू, तुमच्या एकवीस चिठ्ठ्यांसाठी

काकू नमस्कार, फोनवर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

मे महिन्यात सांगलीत विश्रामबागला आमच्या बिल्डिंगमधे पोरांसाठी क्लूडो काढला (खून कुणी, कशानं, कुठल्या खोलीत केला ते सांगणारे तीन पत्ते पाकिटात लपवतात आणि ते ओळखायचे, असा पटावरचा खेळ) तेव्हा दोन शनिवार नुसता गोंधळ झाला होता. मी नियम वाचून दाखवायचे, पोरं भडंग खात ऐकायची आणि पहिल्याच डावाला कुणीतरी "यानंच खून केला!" म्हणून पाकीट उघडायचं. एक जण चुकीचा आरोप करून बाद झाला तर रडत पत्ते घेऊन घरीच गेला, आता त्याचे पत्ते कोण दाखवणार, खेळच बंद पडला. मला वाटलं हा खेळ या वयाला जड आहे.

तुम्ही शेजारून सहज आलात आणि म्हणालात खेळ जड नाही, शब्द परके आहेत. कन्झर्व्हेटरी, बिलियर्ड रूम हे पोरांनी कुठं बघितलंय? मग नऊ खोल्यांचा तुम्ही वाडाच केलात, ओसरी, पडवी, माजघर, देवघर, कोठी, माडी, न्हाणीघर, दिवाणखाना, स्वयंपाकघर. आणि मी खोल्यांच्याच पत्त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसले तर तुम्ही हात धरलात, की जाड पत्ता म्हणजे खोली हे पाठीमागून कळेल ना. म्हणून सहा माणसं, सहा हत्यारं, नऊ खोल्या, सगळ्या 21 पत्त्यांवर चिठ्ठ्या. हे मला कधीच सुचलं नसतं.

दुसरं म्हणजे "शंका" आणि "आरोप" हे दोन शब्द वेगळे केलेत. शंका म्हणजे माणूस, हत्यार, खोली अशी तीन नावं घेऊन विचारायचं, ज्याच्याकडं त्यातला पत्ता असेल त्यानं एक गुपचूप दाखवायचा; आरोप म्हणजे पाकिटात हेच आहे असं ठाम सांगायचं. शंका दर डावाला घ्या, ज्या खोलीत उभे आहात तिथलीच घ्या, आरोप मात्र आख्ख्या खेळात एकदाच, आणि चुकला तरी बसून पत्ते दाखवत राहायचं, कारण बाकीच्यांचा तपास तुमच्यावर अडलाय. हे "अडलाय" ऐकल्यापासून एकही पोरगं उठून गेलेलं नाही.

पण खरे आभार त्या उघड्या डावाचे. तीन पत्ते पाकिटात, उरलेले 18 चौघांना वाटून सगळ्यांनी सुलटे मांडले, आणि कुणी "लाल बाई, दोर, देवघर" विचारलं की डावीकडचा "माझ्याकडं नाही" म्हणायचा आणि तुम्ही लगेच थांबवायचात, "त्यानं आत्ता तीन गोष्टी सांगितल्या, लिहिल्या का?" पोरं तोवर फक्त स्वतःला दाखवलेला पत्ता लिहायची, दुसऱ्यांच्या डावाला खिडकीबाहेर बघायची. मी पण तसंच खेळत आले होते काकू, इतकी वर्षं. तुम्ही लिहायला शिकवलंत, कागदावर नाही म्हणणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात तीन फुल्या, आणि दुसऱ्याला गुपचूप काही दाखवलं तर तिन्हींवर बारीक टिंब, यातलं एक नक्की आहे म्हणून. नंतर दोन टिंबांवर फुली पडली की तिसरं आपोआप पक्कं. 6 × 6 × 9 म्हणजे 324 शक्यतांमधून पोरं अशी खाली उतरत येतात ते बघताना मला फार भारी वाटतं.

परवा मिरजेहून एक नवीन मुलगी आली, तिला नियम मी सांगितलेच नाहीत, त्या रडून गेलेल्या पोरानंच उघडा डाव मांडला आणि तुमच्याच आवाजात विचारलं, "लिहिल्या का?"

फक्त माजघराची चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटलीय आणि पत्ता पाठीमागून ओळखू यायला लागलाय. दिवाळीला पुण्याहून याल तेव्हा एकवीसच्या एकवीस परत करूया, कागद मी आणून ठेवलाय.