डबल बी आणि आपला वाल

मा. संपादक,
आमच्या आठवडी बाजारात पांढरी, चपटी डबल बी हल्ली दिसते. पुष्कळ जण तिला वालाचाच मोठा दाणा समजतात. खरं तर ही इंग्रजीतली लिमा बीन. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पेरूतील लिमा शहरावरून नाव पडलेली. आपला वाल वेगळ्या जातीचा.

शिजवलेल्या 100 ग्रॅम डबल बीत सुमारे 8 ग्रॅम प्रथिनं, 7 ग्रॅम तंतू आणि दोन मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोह असतं. पालेभाजीचं जीवनसत्त्व म्हणतात ते फोलेटही भरपूर. आमच्याकडे रक्त कमी असलेल्या लेकीसुना घरोघरी आहेत, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. उसळीवर लिंबू जरूर पिळावं, त्यानं लोह अंगी लागतं.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. हा दाणा कच्चा किंवा अर्धकच्चा कधीच खाऊ नये. त्यातल्या लिनामरिन नावाच्या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होतं. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अगदी मऊ होईस्तोवर उकळा. नुसत्या भिजवलेल्या दाण्यांची कोशिंबीर लेकरांना देऊ नका. अंगणवाडीच्या बैठकीत एवढं तरी बायांना सांगितलं जावं.

– एक गृहिणी, आर्वी तालुका, जि. वर्धा